चढाची तयारी, उताराचा विसर

पाऊस ओसरला, की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या ट्रेकिंग ग्रुपांना कात्रज–सिंहगडचे वेध लागतात. जुन्या कात्रज बोगद्याजवळून निघायचे आणि डोंगरधारेवरून एकामागून एक टेकड्या पार करत सिंहगड गाठायचा. सिंहगडाची उंची सुमारे १३०० मीटर, कळसूबाईची १६४६. मग कळसूबाई केलेल्यांना ही वाट किरकोळ वाटते. हा हिशेब फसवा आहे. धारेवरच्या चालीत शिखराची उंची नव्हे, तर सगळ्या चढ-उतारांची बेरीज मोजावी लागते.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये वेळेचा एक ठोकताळा दिला: दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. उताराला त्यात वेगळी जागाच नाही. आपली तयारीही तशीच असते. सगळे जिने चढण्याचा सराव करतात, उतरायला लिफ्ट घेतात.

शरीराचे गणित मात्र उलटे आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकसारखा भार पेलतो. यात धाप कमी लागते, पण स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा जास्त होते. दुखणे एक-दोन दिवसांनी वाढते. ताकद मात्र त्याच दिवशी घटते. एकाच शिखराच्या ट्रेकमध्ये मोठा उतार शेवटी येतो. इथे तो प्रत्येक टेकडीनंतर येतो आणि पुढे पुन्हा चढ असतोच. म्हणून मुरमाड उतारावर दमलेले पाय घसरतात.

दिलासा असा, की उताराचा थोडासा सरावही स्नायूंना पुढचे काही आठवडे अशा इजेपासून बरेच संरक्षण देतो. उपनगरातल्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना हे सहज जमेल. लिफ्टने वर जावे, जिन्याने खाली यावे. आधी पाच मजले, मग दहा. गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पाण्याचेही तसेच. घामातून मीठही जाते, त्यामुळे नुसते पाणी ढोसणे धोक्याचे. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा ओआरएस जवळ असावे. सोबती उन्हात बरळू लागला, तर चाल थांबवून त्याला सावलीत नेऊन, अंग भिजवून, वारा घालून लगेच थंड करावे आणि रुग्णालयात न्यावे. ट्रेकनंतर लघवी चहासारखी गडद झाली, तर ते निव्वळ थकव्याचे लक्षण समजू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आयोजक नोंदणी करताना ‘आधी कोणते ट्रेक केलेत?’ असे विचारतात. ‘उतरण्याचा सराव केलात का?’ हेही विचारायला हवे. पहिल्या दोन उतारांवरच ज्याचे पाय थरथरतात, त्याला सोबत देऊन परत पाठवणे हा त्याचा अपमान नव्हे. पुढच्या टेकड्यांमध्ये त्याला उचलून आणण्यापेक्षा ते केव्हाही बरे.