दहा मिनिटं डोळे मिटून

रात्रीची मालिका चालू होती. मी पदरानं टिपं पुसतेय, तर ह्यांचा प्रश्न, "अगं, एवढं रडण्यासारखं काय दाखवलं?" दाखवलं काहीच नव्हतं. सुनेनं सासूला चहा दिला होता, एवढंच! पाणी आपोआप येत होतं. शिवाय चुरचुर, आणि डोळ्यांत कुणी वाळूची चिमूट टाकल्यासारखी खरखर.

आम्ही नेरूळला राहतो. वर्षाची मिरची तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून आणतो, म्हणून आधी दोष मिरचीला दिला. मिरची तिखट होऊन बरणीत जाऊन बसली, तरी डोळे काही थांबेनात. मग ऑफिसातल्या एसीला दोष, मग जागरणाला, मग चष्म्याच्या नंबराला. शेवटी लेकीनं हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली, पाच मिनिटांनी ती किती भिजली ते मोजलं आणि म्हणाले, "तुमचे डोळे कोरडे आहेत."

"अहो, धारा लागल्यात, आणि कोरडे?"

तेव्हा कळलं, अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही. त्यात तेलही असतं आणि डोळ्याला धरून ठेवणारा चिकटपणाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. ते कमी पडलं की पाणी तापल्या तव्यावर शिंपडल्यासारखं उडून जातं. डोळा चुरचुरतो, मग घाबरून भसाभस पाणी सोडतो, पण ते टिकत नाही. पुरुषांपेक्षा आपल्यालाच हा त्रास जास्त, आणि पाळी जायच्या वयात अधिकच. त्यात आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो, ती संगणक किंवा मोबाइल बघताना निम्म्यावर येते.

उपाय अगदी साधे निघाले. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवायचं, गार झालं की पुन्हा पिळायचं. मग बोटानं हलकेच, वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी चोळायची. डॉक्टरांनी दिलेले थेंब वेळेवर घालायचे आणि उघडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यायची. पंखा किंवा एसी थेट तोंडावर नको, स्कूटरवर चष्मा हवा, काजळ पापणीच्या आत नको. आणि मध, गुलाबपाणी, एरंडेल यांतलं काहीही डोळ्यांत घालायचं नाही. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

यात अवघड काय? तर ती दहा मिनिटं! कापड ठेवून आडवी झाले की कुकर शिटी मारणार, दारात इस्त्रीवाला, "आई, माझा चार्जर कुठाय?" आणि कुणी बघितलंच, तर "बरं नाही का गं?" म्हणजे बऱ्या असलेल्या बाईनं डोळे मिटायचेच नाहीत?

मला हसू येत होतं, पण संगमनेरच्या आमच्या वन्संची गोष्ट ऐकली आणि हसू पळालं. त्यांचेही डोळे असेच चुरचुरायचे. दोन वर्षं त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेंब आणून घालत होत्या. "घातले की लगेच गार वाटतं गं." ते थेंब स्टिरॉइडचे होते. त्यानं डोळ्यातला दाब वाढला आणि काचबिंदूची सुरुवात झाली. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. मी रागानं म्हटलं, "वन्सं, आधीच डॉक्टरांना का नाही दाखवलंत?" त्या म्हणाल्या, "अगं, दवाखान्यात अर्धा दिवस मोडतो. मेडिकल दोन मिनिटांवर." घरातल्या सगळ्यांच्या दवाखान्याला मात्र त्यांचेच अर्धे दिवस मोडलेत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मैत्रिणींनो, चुलीच्या धुरानं, कांद्यानं, मिरचीनं डोळे चुरचुरणं आपल्याला इतकं सवयीचं झालंय, की ते दुखणं आहे असं वाटतच नाही. पण आठ-पंधरा दिवसांत थांबलं नाही, तर अर्धा दिवस मोडा. डोळा दुखायला लागला, लाल झाला, अंधुक दिसायला लागलं, तर तेवढीही वाट बघू नका. आणि रोजची दहा मिनिटं कुणी आपणहून देईल, याचीही वाट बघू नका. ती घ्यावीच लागतात.

आमच्याकडे आता ठरलंय, संध्याकाळी मी डोळ्यांवर कापड ठेवलं, की कुकर ह्यांनी बघायचा. पहिल्या दिवशी चार शिट्ट्या जास्त झाल्या, भाताचा लगदा झाला. होऊ दे. मी डोळे उघडले नाहीत.