उंबरठ्यापलीकडचे अर्थकारण

जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटातील सुलभा नोकरीसाठी घर सोडते. परतल्यावर पतीच्या जीवनात दुसरी स्त्री आलेली पाहून कायमची निघते. तिच्या धैर्याला दाद देताना, त्यामागे शिक्षणाचे व कमाईच्या क्षमतेचे पाठबळ होते, हे विसरता कामा नये. हिंगोलीच्या कोरडवाहू शेतात राबणारी स्त्री कशाच्या बळावर बाहेर पडणार? सातबाऱ्यावर बहुधा तिचे नावच नसते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. परंतु माहेर तुटेल या भयाने ती हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होते. मोडत्या संसारातील स्त्रीला सहनशीलतेचा उपदेश करण्यापूर्वी समाजाने सातबाऱ्यावर तिचे नाव लावावे. मगच तिचे नांदणे स्वेच्छेचे म्हणता येईल.