वाघ दिसला का?

केरळची सहल आता आपल्या गावागावांतून निघते. कोची, मुन्नार, थेक्कडी आणि शेवटी अलेप्पीची हाउसबोट, असा ठरलेला कार्यक्रम. थेक्कडीला पेरियार व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं तलावातून बोटीची एक फेरी होते. परत आलेल्या मैत्रिणीला सगळ्याजणी एकच विचारतात, "वाघ दिसला का गं?" ती नाही म्हणाली की झालं! "मग पैसे फुकटच गेले म्हणायचे."

खरं तर हे सदाहरित जंगल. झाडी इतकी दाट की दहा पावलांवर उभा असलेला गवाही चटकन दिसायचा नाही. ताडोब्याची सवय घेऊन इथं जाऊ नये. इथं जंगल आधी ऐकायचं असतं, आणि काय ऐकायचं ते सांगायला बरोबर वाटाड्या लागतो. डोक्यावरून फसफस करत पंखांचा मोठा आवाज गेला, की तो धनेश. आपल्याला नुसता पाला दिसतो तिथं तो बोट दाखवतो आणि शेकरूची शेपटी हलते. जळवा लागू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंत कापडी मोजे चढवायचे आणि त्याच्यामागून गुपचूप चालायचं.

हे वाटाडे कोण, ठाऊक आहे? त्यांच्यातले काहीजण पूर्वी याच जंगलातून दालचिनीच्या जातीच्या झाडांची साल चोरून नेत. १९९६ नंतरच्या काळात वनखात्यानं आसपासच्या लोकांच्या समित्या केल्या आणि ज्यांना चोरवाटा पाठ होत्या, तेच राखणदार झाले. पर्यटकांना फिरवून त्यांची चूल पेटते. २००२ मध्ये तिथल्या बायकांनी 'वसंत सेना' काढली. घरचं आवरून पाळीपाळीनं जंगलात गस्त घालायची, तीही मोबदला न घेता. कौतुक वाटतंच, पण मनात येतं, जंगल राखण्याचं काम बाईनं केलं की ती सेवाच का असावी?

असो. मुद्दा आपल्या वागण्याचा आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी याच तलावात पर्यटकांची बोट उलटून ४५ माणसं गेली. बोटीत दोष होते, माणसंही जास्त भरली होती. त्यात प्राणी पाहायला प्रवासी एका बाजूला सरकले, असंही तेव्हा सांगितलं गेलं. "बसून राहा" हे वाटाड्याचं सांगणं आपल्याला उगाच दटावल्यासारखं वाटतं, पण ते किती मोलाचं असतं बघा.

आणि आता तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा! धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. उरते ती फक्त एक फट. कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पुढं पिलांना फळं भरवतो. खाली आठ-दहा जण कॅमेरे रोखून उभे राहिले, तर तो घाबरून ढोलीशी येतच नाही. आत बाळंतीण उपाशी. बाळंतिणीच्या खोलीत आपण असं कुणाला शिरू देऊ का?

आपल्या आंबोलीतही पावसाळ्यात रात्री बेडूक बघायला मंडळी येतात. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्यानं नोंदवलेला भेक इथलाच, आणि तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. फोटो छान यावा म्हणून बेडूक उचलून दुसऱ्या पानावर ठेवणारे महाभाग असतात. हाताला डास पळवायचं मलम चोपडलेलं, आणि बेडकाची कातडी तर सगळं शोषून घेणारी!

वाटाड्याला हे कळत नाही असं नाही. पण वरचे दोनशे रुपये पुढं करून "जरा जवळ न्या ना" म्हणणारे आपणच असतो. त्यानं नको म्हटलं तर तक्रार करणारेही आपणच. जो नाही म्हणतो, त्याच्या हातावर ते दोनशे ठेवून बघा एकदा.

सहल ठरवताना जेवण कसं, गरम पाणी आहे का, हे आपण दहादा विचारतो. वाटाड्या गावातलाच आहे का, हेही विचारावं, आणि बाई मिळेल का, तेसुद्धा. ताडोब्यात बायका गाइडचं काम करतात. मग आंबोलीच्या एखाद्या मुलीनं बॅटरी घेऊन पुढं चालायला काय हरकत आहे? कुठला बेडूक कुठं ओरडतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक असतं.