हसण्यावारी नेलेली भाषा

उत्तर कोरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेच्या बातम्या म्हणजे फुकटची करमणूक, त्या वाचाव्यात, पोट धरून हसावे आणि विसरून जावे, असा उपदेश एका विनोदप्रेमी सद्गृहस्थांनी नुकताच केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: इतके हास्यास्पद बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून ते निरुपद्रवी, आणि हसणे हेच हुकूमशाहीविरुद्धचे शस्त्र. पुरावा म्हणून दोन बातम्या. २०११ मध्ये तिथला सर्वोच्च नेता किम जोंग इल वारला तेव्हा पेक्तू पर्वतावरील सरोवराचा बर्फ कडाडून फुटला, ही एक. २०१२ मधली ‘युनिकॉर्नची गुहा’ सापडल्याची, ही दुसरी.

गुहेवरचे हसू तर भाषांतरातून आलेले. मूळ शब्द ‘किरिन’, पूर्व आशियाई दंतकथांतला शुभ प्राणी. गुहेचे नाव एका प्राचीन राजाच्या आख्यायिकेतून आलेले. नाशिकच्या पांडवलेण्यांची बातमी वाचून ‘भारत सरकारला पांडव सापडले’ असे कोणी म्हटले, तर सद्गृहस्थ हसतील का?

शस्त्राचे म्हणाल, तर प्योंगयांगच्या माणसाला जे उचलता येत नाही, ते आपण दिवाणखान्यात परजून काय साधणार?

पण खरा राग येतो तो ‘कोणी विश्वास ठेवत नाही’ या वाक्याचा. उत्तर कोरियाच्या प्रचारातला ‘भूलोकीचा स्वर्ग’ हा शब्दप्रयोग आज हास्यास्पद वाटतो. जपानमध्ये भेदभाव सोसणाऱ्या कोरियन कुटुंबांना तो तसा वाटला नाही. डिसेंबर १९५९ मध्ये जपानच्या निगाता बंदरातून पहिली जहाजे निघाली. १९८४ पर्यंत सुमारे ९३,००० माणसे त्या स्वर्गात गेली. त्यांत कोरियनांशी लग्न केलेल्या सुमारे १,८०० जपानी स्त्रियाही होत्या. परतीची वाट जवळजवळ कोणालाच मिळाली नाही. आणि विश्वास उडाल्यावरही ही भाषा आपले काम करतच राहते. नव्वदच्या दशकात दुष्काळ पडला, रेशन बंद झाले, माणसे गवत आणि झाडाच्या साली खाऊ लागली. मृतांचे अंदाज काही लाखांपासून २० लाखांच्याही वर जातात. सरकारने त्या काळाला नाव दिले ‘खडतर कूच’. हे नाव राजवटीचा संस्थापक किम इल सुंग याच्या जपानविरोधी गनिमी लढाईतून उचललेले. उपासमार म्हटले की जबाबदार कोण, हा प्रश्न येतो. कूच म्हटले की मागे पडणारा फितूर ठरतो. भुकेल्याला स्वतःची भूक सांगायला शब्दच उरू दिला नाही. यात हसण्यासारखे काय आहे?

हा वाद मला नवा नाही. आणीबाणीत तिच्याच गौरवासाठी वापरलेल्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दाची टिंगल करून निवांत झालेल्या मित्रांशी मी रात्र रात्र भांडलो आहे. शब्दाची टिंगल झाली, तुरुंगातले लोक तुरुंगातच राहिले.

मग करायचे काय? ही भाषा पंचनाम्यासारखी वाचायची. विशेषण जिथे फुगते, तिथे कोणती वस्तू संपली आहे ते शोधायचे. तिथून सुटून आलेल्यांचे शब्द शेजारी ठेवायचे. एवढेच, पण नेमाने.

उत्तर कोरियाने २०२३ मध्ये ‘प्योंगयांगच्या सुसंस्कृत भाषे’च्या रक्षणाचा कायदा केला. दक्षिण कोरियाच्या धाटणीने बोलणे हा तिथे आता कठोर शिक्षेचा गुन्हा आहे. ती राजवट शब्दांना हसण्यावारी नेत नाही.