पाणी तापवायचा रॉड किती दिवस टिकतो?



हरभऱ्याला, गव्हाला रात्री पाणी द्यावे लागते. पहाटे दारे धरून गारठून आलेल्या माणसाला पहिल्यांदा काय हवे असते, तर बादलीभर ऊन पाणी. पूर्वी अंगणात बंब पेटायचा, चुलीवर हंडा चढायचा. आता पऱ्हाट्या-तुराट्या पुरत नाहीत आणि घरोघर विजेचा रॉड आला आहे. पण "मागच्या हिवाळ्यात घेतलेला रॉड यंदा जळाला" ही तक्रार गावोगाव ऐकू येते. रॉड जळाला तर थोडे पैसे जातात. पण तो फुटका वापरला तर माणूस जातो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी रॉडच्या पोटात काय असते ते पाहू. बाहेर धातूची नळी आणि आत नायक्रोमच्या तारेची कॉईल. तारेचा नळीला स्पर्श होऊ नये म्हणून मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही.

आता रॉड किती टिकतो? याला वर्षांचा एक आकडा नाही. ते तुमच्या पाण्यावर आणि हातावर आहे. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड समजावे. त्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की ते वेगळे होऊन नळीवर पांढरा थर धरतात. या थराने उष्णता पाण्यात जायला अडते, आतली तार जास्त तापते आणि लवकर तुटते. म्हणून तापवण्यासाठी जमेल तेव्हा नदीचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे. पावसाचे पाणी सर्वांत मऊ.

रॉडची निगा अशी ठेवा :

१) दर पंधरा दिवसांनी रॉड पाहा. पांढरा थर दिसताच काढा, जाड होण्याची वाट पाहू नका.

२) प्लग काढून रॉड पूर्ण गार होऊ द्या. मग फक्त कॉईलचा भाग लिंबाच्या रसाच्या, चिंचेच्या कोळाच्या किंवा व्हिनेगरच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. फडक्याने पुसा, साध्या पाण्याने धुवा, कोरडा करा.

३) विळ्याने, सुरीने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका. संडास धुण्याचे ॲसिड तर लावूच नका. नळीवरचा मुलामा जातो आणि पुढे तिला भोक पडते.

४) आधी पाणी, मग रॉड, शेवटी बटण. पाणी रॉडवरच्या दोन खुणांच्या मधे असावे. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, आणि पाच-दहा मिनिटांनी रॉड काढा. कोरडा रॉड चालू राहिला तर काही मिनिटांत जळतो.

व्होल्टेजचेही गणित समजून घ्या. १५ अंशांचे २० लिटर पाणी ४५ अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर हे काम अंदाजे अर्ध्या तासात करतो. व्होल्टेज १८० वर आले तर रॉडची ताकद सुमारे ६० टक्केच उरते आणि पाऊण तास लागतो. तेव्हा पाणी लवकर तापत नाही म्हणून रॉडला दोष देऊ नका. हा रॉड साडेसहा अँपिअर वीज ओढतो. लहान सॉकेट तापते, म्हणून १५-१६ अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेटच वापरा. काही घरांत प्लग तुटला की उघड्या तारा काडी खोचून सॉकेटमध्ये बसवतात. हे मरणाला आमंत्रण आहे.

तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते आणि अर्थिंगच्या पत्र्याला मातीचा स्पर्श राहत नाही. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. जमल्यास वायरमनकडून ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळताच ते पुरवठा तोडते.

नळी फुगली, तडकली, पाण्याला झिणझिण्या येऊ लागल्या किंवा बटण दाबताच फ्यूज उडू लागला, तर तो रॉड संपला असे समजा. तडकलेल्या नळीत पाणी शिरले की भुकटी ओली होते आणि वीज थेट बादलीत उतरते. असा रॉड दुरुस्त करू नका, लेकरांच्या हाती खेळायलाही देऊ नका. नवा घेताना आयएसआय खूण आणि आयएस ३६८ हा क्रमांक पाहून घ्या.

पाणी तापले का हे रॉड चालू असताना बोट घालून कधीच पाहू नये. लोखंडी किंवा स्टीलची बादली नको. प्लॅस्टिकच्या बादलीलाही रॉड टेकू देऊ नका, मधे कोरडी लाकडी काठी आडवी टाकून त्यावर अडकवा. कोणाला झटका बसला तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. पाण्याने भाजले तर टूथपेस्ट न लावता त्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडा आणि दवाखाना गाठा.

घरात हे काम बहुधा बाया आणि शाळकरी मुले करतात. म्हणून हा मजकूर आज रात्री जेवताना सर्वांना वाचून दाखवा आणि उद्या सकाळी पाणी ठेवण्याआधी आपला रॉड उजेडात धरून एकदा पाहा.