अर्धा कोयता

दरसाल दिवाळीच्या सुमारास बिद्रीच्या श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम जवळ येतो आणि कागल, राधानगरी, भुदरगडच्या शिवारांत तोडकऱ्यांच्या खोपी उभ्या राहू लागतात. साखरधंद्यात कामगारांचे दोन वर्ग आहेत. एक कारखान्याच्या फाटकाच्या आतला, दुसरा बाहेरचा. आतल्या कायम कामगारास वेतनश्रेणी, भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मिळते. १९५७ साली नेमलेल्या वेतन मंडळापासून आजच्या त्रिपक्षीय करारांपर्यंत जे त्याच्या पदरात पडले, त्यामागे संघटनेचे बळ आहे. बाहेरच्या वर्गास यांपैकी फारसे काही लाभलेले नाही. आणि त्या वर्गात निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत.

संघटनेचे बळ तोडकऱ्यांनीही दाखविले आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती कोयता बंद ठेवण्याच्या धाकामुळेच. परंतु ही वाढ टनामागे मिळते आणि टनाचा हिशेब कोयत्याच्या नावे होतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर हा अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतो पुरुष, हिशेबही तोच करतो. पाचट काढणारी, मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी बाई कोणत्याही वहीत नाही. समान वेतनाच्या १९७६ च्या कायद्याने, अथवा त्याची जागा घेणाऱ्या वेतनसंहितेने, तिचे वेतन पुरुषाच्या वेतनाशी ताडून पाहावे म्हटले, तर मुळात तिच्या नावे वेतनच नाही! आजारपणाचा खाडा मात्र मजुरीतून कापला जातो. २०१९ साली शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ती संख्या या व्यवस्थेपासून वेगळी काढता येणार नाही.

येथे मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवावा. १९२० नंतरच्या दशकात तेथील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. पण खर्च पडला तो स्त्रिया कामावर ठेवणाऱ्या मालकावर. पुढे सुसूत्रीकरण आले, तेव्हा प्रथम स्त्रियांची कामे गेली. संघटनांचे लक्ष पुरुषांच्या रोजगाराकडेच राहिले. पन्नास वर्षांत गिरणीतील स्त्री नाममात्र उरली. त्या विधेयकावर १९२८ साली बोलताना डॉ. आंबेडकरांनी, भाराचा मोठा वाटा सरकारने उचलावा, मात्र मालकही जबाबदारीतून सुटत नाही, अशी भूमिका घेतली होती. तिचे मर्म आज अधिक पटते.

सुदैवाने ऊसतोडणीत तो मार्ग मोकळा आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घ्यावयाचे आणि तितकीच भर शासनाने घालावयाची, असे ठरलेले आहे. हा आकार टनावर आहे, स्त्रियांच्या संख्येवर नाही. म्हणून त्यातून बाळंतपणाची रजा व आजारपणाची मजुरी दिल्यास स्त्रियांना कामावरून वगळण्यात कोणाचाच फायदा उरत नाही.

पुढील कराराच्या वेळी संघटनांनी केवळ दराचा आग्रह धरू नये. प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र नोंद, तिच्या बँक खात्यात तिची निम्मी मजुरी आणि वाटाघाटीच्या बैठकीत तिचे प्रतिनिधी, या तीन मागण्या दराइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी कारखान्यांनी करारापर्यंत थांबण्याचेही कारण नाही. बिद्रीसारख्या सभासदांच्या मालकीच्या कारखान्याने येत्या हंगामापासूनच त्या आपल्या वहीत सुरू कराव्यात, असे आम्हांस वाटते.