झिलई आणि जिव्हाळा

एखादा अल्बम आवडला, असे आपण सहज म्हणून जातो. पण आवडले ते नेमके काय? शब्द, चाल, की ध्वनिमुद्रणाची सफाई? ‘मेलडिक रॉक’बाबत हा प्रश्न हटकून पडतो. गिटारचा दणका आणि गुणगुणता येईल अशी चाल यांचा हा संसार. त्यामुळे ‘फार गुळगुळीत’ हा शिक्का त्याच्यावर चटकन बसतो.

इंग्लंडच्या डेफ लेपर्ड या बँडचा १९८७ चा ‘हिस्टेरिया’ घ्या. निर्माता ‘मट’ लँग याने आवाजांचे थरावर थर चढवून तो सिद्ध केला. त्याला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. ड्रमचा आवाज यंत्रातला, म्हणून अनेकांनी नाके मुरडली. पण ड्रमवादक रिक ॲलनने १९८४ च्या अखेरच्या दिवशी मोटार अपघातात डावा हात गमावला होता. पायांनीही वाजवता येईल अशा खास इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचामुळेच तो पुन्हा उभा राहिला. आपण ज्याला कृत्रिम म्हणून हिणवतो, तो कोणाचा तरी आधार असू शकतो! तरीही यातली बरीचशी गीते अर्थापेक्षा नादासाठी जुळवल्यासारखी वाटतात. म्हणूनच ऐकणाऱ्याचे लक्ष चकाकीवरच खिळते.

आदल्या वर्षीचा, अमेरिकेतील बॉन जोव्हीचा ‘स्लिपरी व्हेन वेट’ही तितकाच चकचकीत. निर्माता ब्रूस फेअरबेर्न. परंतु त्यातल्या ‘लिव्हिन ऑन अ प्रेयर’मध्ये संपामुळे हात रिकामे झालेला गोदी कामगार आणि खाणावळीत राबून घर चालवणारी त्याची जोडीदारीण भेटते. महिनाअखेरीची ओढाताण ठाऊक असलेल्या कुणालाही ती परकी वाटत नाही. आत माणूस सापडला, की वरची झिलई खटकेनाशी होते.

१९९१ मध्ये निर्वाना या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ने ही चकाकी मोडीत काढली, असे म्हटले जाते. गंमत अशी, की त्याचेही ध्वनिमुद्रण सफाईदारच होते. इतके, की खुद्द कर्ट कोबेनने पुढे त्याबद्दल नाराजी व्यक्त केली. श्रोत्यांना मात्र तो अस्सल वाटला, कारण त्यातली अस्वस्थता अस्सल होती. म्हणजे निवाडा कानांनी केला असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा शब्दांनी केलेला असतो. शब्द पटले तर तीच सफाई सुबक, न पटले तर बेगडी.

घरोघरी वाद होतो तो नेमका इथेच. भिंतीपलीकडून आईवडिलांना ऐकू येतो तो नुसता दणका. मुलांना भुरळ पडते तीही त्या दणक्याचीच. दोघांचेही मत वरवरच्या आवाजावर बनलेले! तेव्हा एखाद्या रविवारी एकच अल्बम दोघांनी मिळून ऐकावा. एकदा सुरांसाठी, एकदा शब्द समोर ठेवून. मते जुळतीलच असे नाही. पण निदान भांडण तरी गाण्याविषयी होईल, आवाजाविषयी नव्हे.